भिंतीकडची बाजू

शिजवलेली हळद अंगणभर वाळत पडली होती. भिंतीलगत तेवढी एक पट्टी मोकळी होती, दोन माणसं जोडीनं चालतील एवढी. गंगूताई भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन तिथं थांबली.

"दिपे, इथं काहून न्हाई टाकली? एवढी जागा रिकामी."

"असू दे ती, आत्या."

दिपा ओसरीच्या पायरीवर बसली होती. एका हातात साईचं दूध, दुसऱ्या हातात व्हिटॅमिन डीची गोळी. गोळी रविवारची. आज रविवार होता.

"डोकं थांबलं म्हणलीस न?"

"या आठवड्यात नाही उठलं."

"मंग ते काहून गिळून राहिली? गावभर ऊन सांडून राहिलं, अन् आमच्या पोरीला ते दुकानातून इकत आणा लागते!"

आत्या हसली. वाक्य तिचं नव्हतं. तिच्या भावाचं होतं. गेल्या महिन्यात वारलेले अमृतराव दर रविवारी लेकीच्या तळहातावर गोळी ठेवताना हेच म्हणायचे.

दरवर्षी हळद शिजायच्या दिवसांत दिपाचं डोकं उठायचं. क्लस्टर डोकेदुखी, असं डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं. उन्हं कलली की डाव्या डोळ्यामागं सुरू व्हायचं. डोळा लाल व्हायचा, त्या एकाच डोळ्यातून पाणी गळायचं. पडवत नसे, बसवत नसे. अंगणात येरझारा घालत राहायचं, एवढंच हातात. पहिल्या वर्षी तिनं याच भिंतीवर कपाळ आपटून घेतलं होतं. तेव्हापासून अमृतराव, तिचे अण्णा, हळद पसरताना ही पट्टी सोडायचे आणि तिच्यासोबत चालायचे, ती आणि भिंत यांच्यामधून. बोलायचे नाहीत. हात लावायचे नाहीत. टोकाला वळताना बाजू बदलायचे, म्हणजे परततानाही भिंतीकडे तेच. दुखणं उतरेपर्यंत त्यांच्या सदऱ्याचे दोन्ही खांदे चुन्यानं पांढरे झालेले असायचे.

"रक्तात कमी आहे, म्हणून घ्या," हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले होते. "डोकं थांबेलच असं मी सांगत नाही." अण्णांना तेवढं बास झालं होतं.

ते गेल्यावरही दुखणं रोज वेळेवर येत राहिलं. ती एकटी चालली. डोळा मिटून चालताना भिंतीकडून कुणीतरी पाऊल जुळवत असल्यासारखं वाटायचं. मग दुखायचं थांबलं. पहिल्या दिवशी हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि तिला कळेना, आता जायचं कुठं.

तिनं गोळीकडं पाहिलं. नाही घेतली तर? डोकं परत उठेल, भिंतीकडचं ते पाऊलही परत येईल?

"इथं टाकू का मंग?" आत्यानं विचारलं. "उद्याच्याला जीप धरून मी नरसीला चालले. तुला एकटीला हे घमेलं उचलायचं न्हाई."

"थांब जरा."

दूध निवलं होतं. तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि सगळं दूध एका दमात पिऊन टाकलं. पेला पायरीवर उपडा घातला. उठली.

पट्टीत उतरल्यावर ती सवयीनं हळदीच्या कडेनं चालू लागली. चार पावलं गेली आणि थबकली. मग भिंतीकडं सरकली.

"अगं बाई! दुखून राहिलं का?" आत्या घाबरली.

"नाही."

"मंग काहून फिरून राहिली?"

दिपा चालत राहिली. भिंत खरबरीत होती, ऊन लागून तापलेली.

"अन् चाल की नीट, मधून. खांदा बघ कसा पांढरा झाला. झटक तो चुना."

"राहू दे."

आत्यानं घमेलं खाली ठेवलं. पदराचं टोक तोंडाशी नेलं.

टोकाशी दिपा वळली. परतताना दुसरा खांदा भिंतीला लागला.