भाषेची अडचण

निवृत्तीनंतर तंजावरकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या राजगोपालरावांना पुस्तक वाचता वाचता विनाकारण रडू येऊ लागलं. त्यांच्या पत्नी भवानीबाई त्यांना कुंभकोणमातल्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, पण अर्धा तास नुसते पंख्याकडे बघून ते परत आले.

"तोंडात काय विडा होता?" बाईंनी रिक्षातच फटकारलं.

"डॉक्टर पडले तमिळ. मनातलं दुःख बाहेरच्या भाषेत कसं सांगायचं गं? ते मराठीतच सांगता येतं."

महिनाभर चौकशी करून भवानीबाईंनी जवळच्या दारासुरमला आपल्यातलाच, घरी मराठी बोलणारा एक तरुण मनाचा डॉक्टर हुडकून काढला. दार लावून, खुर्ची जवळ ओढून तो मायेनं म्हणाला, "मामा, आता बोला. आपल्या मराठीत."




राजगोपालरावांनी घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "इंग्रजी चालेल का?"