चोवीस एमएम

"सहाशेची लेन्स घेऊ नका," माऊली म्हणाला. "जड हुती. नाव हालती, तुमचा हात बी हालतो. दोनशे-पाचशे बरी. आन् कॅमेऱ्याची बॉडी झटक्यात फोकस धरणारी बघा. उडतं पाखरू तुमच्यासाठी थांबत न्हाय."

बारामतीच्या दुकानात काचेवर तीन लेन्स मांडल्या होत्या. भिगवणच्या पाण्यावर फोटोवाल्यांची नाव हाकण्यात माऊलीची दहा वर्षं गेली होती. लोकांच्या लेन्स सांभाळून सांभाळून तो नुसत्या वजनावरून आकडा सांगायचा. म्हणून तर इंदिराताईंनी त्याला गाडीत घालून आणलं होतं.

"मला लांबचीच हवी," ताई म्हणाल्या. "तू बेटावर उतरू देत नाहीस ना कुणाला."

"न्हायच देणार. माणूस दिसलं की सुरय अंड्यांवरनं उडती, अंडी उन्हात भाजत्यात. मागच्या मे महिन्यात तिन्ही गेली, ठावं हाय न्हवं तुमाला?"

ताई लेन्सचं झाकण काढत राहिल्या.

त्या तीन अंड्यांपायी माऊलीनं सख्खा भाऊ तोडला होता. जाळं लावायला अजितच बेटावर उतरला, असं त्याच्या तोंडावर म्हणाला होता. अजितनं पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मी न्हाय. माऊलीनं ऐकलं नाही. वर्ष झालं, दोघं एका काठाला नाव लावत नाहीत.

दुकानदार अविराज आतून मोठी फ्रेम घेऊन आला.

"ताई, सरप्राइज. तुमचा बक्षिसाचा फोटो. आता दर्शनी भिंतीवर लावतो."

वाळूत तीन अंडी. वर चोच उघडून अंगावर येणारी सुरय. खाली नाव छापलेलं, 'मातृत्व'.

माऊली फ्रेमच्या जवळ आला.

"कंच्या लेन्सनं काढलाय?"

"चोवीस एमएम," अविराज म्हणाला. "वाइड. म्हणून तर मागचं सगळं पाणी मावलंय बघ."

चोवीसनं अंडं एवढं मोठं यायचं, तर अगदी अंड्याजवळ जाऊन गुडघे वाळूत टेकावे लागतात. हे माऊलीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"माऊली, ऐक माझं," ताई म्हणाल्या. "दोनच मिनिटं होते रे मी तिथं."

अविराजला यातलं काही कळलं नाही. त्यानं फ्रेमच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. अंड्यांच्या मागं, लांब पाण्यात, एक नाव होती. नावेत एक माणूस पाठमोरा बसला होता.

"हा पण काय मस्त आलाय. पोझ दिल्यासारखा. कोण हो हा?"

"मी हाय त्यो," माऊली म्हणाला. "ताई म्हणाल्या, आडोशाला जायचंय, बेटावर उतरव, अंड्यांकडं जात न्हाय, नाव लांब ने आन् तिकडं तोंड कर. दोन बिड्या संपल्या, पर मी वळलो न्हाय."