मोकळा कोपरा

सुताराने परसातल्या खांबावर लाकडी फळी ठोकली आणि पाखरांसाठी दाणे पसरले. चिमण्या तुटून पडल्या, पण डावा कोपरा सोडून. तिथं एकही बसेना, आणि दाणे मात्र तिथलेच आधी संपत.

त्याने खिळे बदलले, फळी फिरवली, कोपरा तासला. चित्त थाऱ्यावर राहीना.

“अहो, वारा उडवत असेल,” बायको म्हणाली. झाडाचं पानही हलत नव्हतं.

आज मात्र त्या कोपऱ्यातही चिमण्या दाटीवाटीने बसल्या. “सुटलो एकदाचा!” म्हणत तो जेवायला बसला.

बायको स्वतःचं ताट घेऊन आली, त्याच्या डाव्या हाताला असलेल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीपाशी थबकली आणि वळसा घालून पलीकडे बसली.

“इथं का नाही बसत?”

“कोण जाणे. बसवेना.”

त्याने खाली पाहिलं. अजून घासही घेतला नव्हता, आणि ताटातला डावीकडचा भात संपत आला होता.