खंदकाकाठची सहा चटयांची खोली

"फक्त दीड तास?" जुई खुर्चीतून उठलीच. "बाबा, चारशे वर्षांचा किल्ला आणि दीड तास? त्यातही अर्धा तास सगळ्या बसचं बाथरूम उरकेपर्यंत जाणार!"

बाबांनी, म्हणजे विवेकने, शांतपणे चहाचा घोट घेतला. "मंडळातल्या चंद्रहासने अख्खी टूर जमवलीय. आपली सात कुटुंबं, मोठी बस, सोबत आचारी. जपानात वरणभात, जुई!"

"तेच तर दुःख आहे!"

मेच्या सुटीत जपानला, मात्सुमोतोच्या किल्ल्याला जायचं हे नक्की होतं. घोडं अडलं होतं मुक्कामावर. टूरबरोबर गेलं, तर झोपायला हायवेलगतचं हॉटेल आणि किल्ला येताजाता. जुईला तो किल्ला सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पोटभर बघायचा होता. सोळा वर्षांत पहिल्यांदाच घरात तिच्या मताला किंमत आली होती. बाबांचं एक मत, तिचं एक. राहिली आई.

आई, मंजूषा, शनिवारचे डबे भरत होती. बावीस डबे. दुपारी उइटहॉर्न या डच गावातली निम्मी मराठी घरं सायकली काढून ते न्यायला येत. चौदा वर्षांपूर्वी आई बाबांच्या व्हिसावर इथे आली तेव्हा दुकानात दूध कुठलं आणि ताक कुठलं तेही तिला कळायचं नाही. आता खेमेंटंच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बाईशी ती डचमध्ये भांडून जिंकायची. जुईला ते ऐकायला भारी आवडायचं.

जुईने लॅपटॉप सरळ ओट्यावर ठेवला.

"आई, बघ तरी. काळाकुळकुळीत किल्ला! मागे बर्फाचे डोंगर, खाली खंदकात हंस. आणि खंदकापासून चार मिनिटांवर हे र्‍योकान, म्हणजे जुन्या वळणाचं उतरायचं घर. आठच खोल्या."

"खोली केवढी?"

"सहा चटयांची. ते लोक खोली चटयांवर मोजतात. किती गोड ना?"

"पुरे."

"तिघांना?" बाबा हसले. "कूस बदलायला पाळी लावावी लागेल."

आई हसली नाही. "मासे?"

"विचारलं मी! मालकीणबाईंनी स्वतः उत्तर लिहिलंय. मशरूम आणि समुद्री शेवाळाचं सार करते म्हणाल्या, माशाचा थेंबसुद्धा नाही."

"जेवायला खाली जायचं?"

"छे! ताट खोलीत आणून देतात. आणि उचलूनही नेतात."

झाकण लावता लावता आईचा हात थांबला. "आणि अंथरुणं?"

"तीही त्याच घालतात. सकाळी आवरतातही."

"स्टेशनपासून?"

"चालत पंधरा मिनिटं. वाट सरळ. चुकायचं ठरवलं तरी चुकता येणार नाही."

आईच्या प्रश्नांना जुईने मनातल्या मनात दहापैकी दहा दिले. एकही फालतू नव्हता. बाबांनी तर टूरवाल्यांना नाश्त्याशिवाय काहीच विचारलं नव्हतं.

धोका ओळखून बाबा खुर्ची सरकवत पुढे आले. "मंजू, टूरवर तुला कंटाळा यायचा नाही हं. आचारी जरा नवखा आहे, पण चंद्रहास म्हणाला, वहिनी आहेतच लक्ष ठेवायला."

"असं म्हणाले?"

"अगं, कौतुकाने."

"हं."

बाविसावा डबा बंद झाला. आईने हात पुसले आणि टेबलापाशी येऊन बसली. जुई पुढे झुकली.

"सांग ना, आई. टूर की र्‍योकान?"

"टूर," आई म्हणाली. "चंद्रहास भावजींनी एवढं जमवलंय. घरातून कुणीच गेलं नाही, तर बरं दिसायचं नाही."

"येस!" बाबांनी टेबलावर थाप मारली.

इतके पुरावे, इतके फोटो, मालकीणबाईंशी तीन पत्रं! रडायचं नाही, असं जुईने ठरवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आईने टूरचा फॉर्म ओढला. ठसठशीत अक्षरात बाबांचं नाव लिहिलं. त्याखाली जुईचं. मग पेनला टोपण लावून तिने ते बाजूला ठेवलं.

"जुई, किती सुंदर शोधलंस गं," ती म्हणाली. "असं वाया कसं घालवायचं?"

तिने लॅपटॉप जवळ घेतला, पाहुण्यांच्या चौकटीतला तीनचा आकडा दोनदा खाली उतरवून एकावर आणला आणि बुकिंगचं बटण दाबलं.