पहिली फेरी

तीस वर्षं बंद पडलेला तो रेल्वेमार्ग हौशी मंडळींनी घाम गाळून पुन्हा उभा केला. रुळांतलं ओ की ठो न कळणाऱ्या या स्वयंसेवकांना दर रविवारी हाताला धरून शिकवलं ते रेल्वेतून निवृत्त झालेल्या मुकादमकाकांनी. आज पहिली फेरी सुटली. पहिल्याच डब्यात काकांची लेक आणि नात बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काका तेवढे फलाटावर राहिले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभे होते.

मंडळाच्या चिटणीसबाईंनी त्यांच्या हातात एक लाकडी डबी ठेवली. "काका, पहिला मान तुमचा. आजची आठवण म्हणून सगळ्या स्वयंसेवकांना देणार आहोत."

आत घासूनपुसून लखलखीत केलेला जाडजूड बोल्ट होता. तरी त्याच्या आट्यांत ग्रीस चिकटलेलं होतं, गेल्याच रविवारी काकांनी स्वतः भरलेलं.

"बाई, हा आणला कुठून?"

"अस्सल आहे हो, बाजारातला नाही! आपल्या दरीवरच्या पुलाचा. काल दिवसभर खपून काढले पोरांनी."

काकांनी बोल्ट मुठीत घट्ट धरला. "सगळे काढले?"

बाई हसल्या. "छे हो, एवढं कळतं आम्हाला. एकाआड एक काढलेत."

"गाडीवर फोन लावा!" काका ओरडले. "आधी फोन लावा!"


तेवढ्यात वळणापलीकडून लांबलचक शिट्टी ऐकू आली, गाडी पुलावर चढताना देतात ती.