दाराचं निरूपण

"मंजुळे, तुझ्या सासऱ्यानं माझ्या कीर्तनात दगड टाकले होते. आधी माफी माग," दवाखान्याचं दार म्हणालं.

हा दवाखाना आबाजीबुवांनी गावोगाव कीर्तनं करून उभारलेला. ते गेल्यावर विश्वस्तांनी त्यांची सारी कीर्तनं आणि गावाचा इतिहास यंत्राला शिकवून दारात त्यांचा आवाज बसवला. कुणाला आत घ्यायचं ते आता दारच ठरवी.

मंजुळाबाईची सून कळा सोसत पायरीवर बसली होती.

"माग की माफी! ताठा कशाला एवढा?" रांगेतून कुणीतरी खेकसलं.

"मेल्या, दगड मी टाकले का? बुवा असते तर पोरीला उचलून आत नेलं असतं!"

दार क्षमेवर निरूपण करू लागलं. सून किंचाळली. मंजुळाबाईला एकाएकी आठवलं, शेवटचा गजर झाला की बुवा पुढे अक्षर बोलत नसत, तडक रोग्यांकडे जात. त्यांच्याकडूनच शिकलेलं यंत्र ही रीत कसं मोडेल?

शिवी हासडावी तशी ती ओरडली, "पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!"

दार मधेच थांबलं. "श्री ज्ञानदेव तुकाराम," एवढंच म्हणालं आणि उघडलं.

सुनेला धरून ती आत गेली. दाराला तिनं नमस्कार केला नाही. ज्याचं नाव शिवीसारखं घेतलं, त्याला मात्र मनातल्या मनात केला.