गालबोट

आमची नात रागिणी जठारपेठेतल्या खोलीवर कम्प्युटरसमोर रडून राहिली होती. दोन काचांच्या फटीतल्या घट्ट पाकात पातळ पानी घुसवलं का पान्याले बोटं फुटतेत म्हने. तिच्या कम्प्युटरात मात्र पानी गुळगुळीत गोलच पसरे. आज बोटं नाई फुटली त सर पीएचडीच बंद करनार होते. मी म्हनलं, “पोरी, लई चोख बनवलं तू. गालबोट लाव. तुह्या बापाले लावलं नोतं, त बार्शीटाकळीतले कोंबडे भरदुपारी आरवले, दुसरा सूर्य निंगाला समजून!” “आजी, किती फेकतं वं!” ती हासली. मंग एकदम कम्प्युटरकडे वळली. गोलाच्या काठावर तिनं मुद्दाम राईएवढी खोट ठेवली. काठ थरथरला. एक बोट फुटलं, मंग दहा, मंग झाडच झालं. पोरीनं काजळाची डबी मागतली, अन् काळं बोट कम्प्युटरले नाई, माह्याच गालाले लावलं.